निम्म्या दराचा कौल

१९९४ सालच्या नोव्हेंबरातला तिसरा रविवार, सकाळची वेळ. रक्कम एकशे बेचाळीस रुपये ऐंशी पैसे. हजर होतो ते मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ, त्या दोघांची आई आणि कृष्णराजपुरमच्या बाजारातल्या एसटीडी बूथचा मालक. पैसे मेहुण्याने दिले. पावती मी मागून घेतली, कारण त्याला ती नको होती. बेळगावच्या पलीकडे एक गाव आहे, तिथल्या देवीला एक प्रश्न विचारण्याचा हा खर्च. रविवार होता म्हणून दर निम्मा होता. देवी रविवारी अर्ध्या दराने बोलते ही सवलत कुठल्या पोथीत नाही, ती टेलिफोन खात्याने दिलेली आहे.

प्रश्न सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचा होता. उजवा आधीच गेला होता. काचबिंदू. तेव्हा त्या गावी राहत होत्या. डोळा दुखायला लागला तसा देवीला कौल लावला. बरं होईल असा कौल मिळाला, रोज अंगारा लावायला सांगितलं. दीड वर्षात डोळा पूर्ण गेला. मग पुन्हा विचारणा झाली, तेव्हा उत्तर आलं की अंगारा नेमाने लावला गेला नाही. माझ्या बायकोने हे मला गंभीरपणे सांगितलं होतं. मी विचारलं, नेमाने लावला गेला नसणार हे देवीला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं का? त्या संध्याकाळी मला जेवण वाढलं गेलं, पण भाजी पुन्हा विचारली गेली नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतात. गुरव प्रश्न मोठ्याने बोलतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी वाळली की पडते. उजवी आधी वाळते की डावी, हे गाभाऱ्याच्या दारातून वारा कुठल्या बाजूने येतो आणि गुरवाच्या बोटाला पाणी किती लागलंय यावर ठरतं. माझ्या मते एवढंच आहे. पण या एवढ्यावर त्या घरातली लग्नं ठरली, जमिनी विकल्या गेल्या, आणि एक डोळा गेला.

उजवा डोळा गेल्यावर मेहुण्याने आईला बंगळूरला, कृष्णराजपुरमच्या आपल्या घरी आणलं. तो होसकोटेच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होता. शंभर नगांच्या पेटीतले पाच उचलायचे, मोजायचे, एकात सुताचाही फरक निघाला तर अख्खी पेटी परत पाठवायची, हे त्याचं काम. कामात तो चोख होता. पुरवठादार त्याला घाबरत. एकदा एकाने दिवाळीला मिठाईचा डबा आणून दिला, तर त्याने डब्यासकट पेटी परत केली. हा माणूस रोज आठ तास जगातल्या कशावरही विश्वास ठेवत नसे आणि घरी आला की सगळ्यावर ठेवत असे. चपला काढताना तो विश्वास ठेवायला सुरुवात करी, असं मी बायकोला म्हणायचो.

डोळ्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तमिळ होत्या, बोलणं मोजकं. मी तेव्हा बरोबर होतो. त्यांनी सांगितलं की थेंब घालूनही डोळ्यातलं प्रेशर उतरत नाही, ऑपरेशन करावं लागेल, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. महिनाभरात करा. मेहुण्याने विचारलं, "जोखीम?" त्या म्हणाल्या, "आहे. न करण्याची जास्त आहे." आणि एक कागद पुढे केला. घरच्यांपैकी एकाने त्यावर सही करायची होती.

मेहुण्याने दोन वाक्यांपैकी पहिलंच ऐकलं. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "विचारून सांगतो." डॉक्टरीणबाईंना वाटलं तो बायकोला विचारणार आहे.

त्या दिवसांत सासूबाईंना समोरचं तेवढं दिसे, नळीतून बघितल्यासारखं. बाजूने कुणी आलं तर दचकत. चहा ओतताना बशीची कड बोटाने शोधत. तांदूळ निवडताना मान एवढी फिरवत की वाटावं, ताटातल्या दाण्यांशी त्यांचं भांडण चाललंय. तक्रार करत नसत. गावात त्यांना सगळे अक्का म्हणत, इथल्या शेजारच्या कानडी बायकाही अक्काच म्हणायला लागल्या होत्या.

गावात देवळासमोर किराणा दुकान आहे आणि त्या दुकानात फोन आला होता. ही सोय झाल्यापासून गावच्या देवीचा पसारा वाढला. मुंबई, पुणे, बंगळूर, जिथे जिथे त्या गावची माणसं नोकरीला गेली तिथून रविवारी फोन यायचे. दुकानदार गुरवाला हाक मारायचा, गुरव प्रश्न ऐकून देवळात जायचा, कौल लावायचा, परत येऊन उत्तर सांगायचा. एका कौलाचे एकवीस रुपये, नंतर मनिऑर्डरने.

मेहुण्याने पहिल्या रविवारी एकट्याने फोन केला. त्याचा प्रश्न होता, नुसत्या थेंबांवर भागेल का? उत्तर आलं, उजवा. भागेल. तो पेढे घेऊन घरी आला.

माझ्या बायकोला ऑपरेशन व्हायला हवं होतं. पण तसं सरळ म्हणायला त्या घरात कुणी शिकवलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी ती आमच्या राजाजीनगरच्या बूथवर गेली आणि तिने विचारलं, ऑपरेशन करावं का? उत्तर आलं, उजवा. करावं. तीही पेढे घेऊन आली. एका आठवड्यात एकाच डोळ्यासाठी दोनदा पेढे.

मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. वीस वर्षं मी या घरात देवीविरुद्ध बोलत आलो होतो आणि प्रत्येक वेळी पुरावा कमी पडत होता. आता पुरावा देवीनेच दिला होता. शनिवारी संध्याकाळी आम्ही मेहुण्याकडे गेलो तेव्हा मी शांतपणे विषय काढला.

"थेंबांवर भागेल म्हणाली ना देवी?"

"हो की."

"आणि ताईला सांगितलं ऑपरेशन कर."

"हो."

"थेंबांवर भागणार असेल तर डोळा कापायचा कशाला? आणि कापायला हवा असेल तर थेंबांवर भागतं कसं? दोन्ही खरं असणं शक्य नाही."

मेहुण्याने थोडा विचार केला. कारखान्यात पेटी परत करायच्या आधी करत असेल तसा. मग म्हणाला, "दाजी, देवीचं म्हणणं असं आहे की दोन्ही वाटा मोकळ्या आहेत."

"मग कुठली धरायची?"

"ते आपण ठरवायचं."

"मग तिला विचारलं कशाला?"

"परवानगी."

"कशाची?"

"ठरवायची."

मी हातातला पेला खाली ठेवला. "तुझ्या कारखान्यात एखादं गेज चांगला नगही पास म्हणतंय आणि वाईट नगही पास म्हणतंय. काय करशील?"

"फेकून देईन."

"मग?"

"देवी म्हणजे गेज नव्हे, दाजी."

यावर बायको, मेहुण्याची बायको, सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्याने मला निरुत्तर केलं होतं. मी विचारलं, गुरवाने फोनवर आजवर कुणाला डावा कौल दिलाय का? एक नाव सांगा. नकार ऐकायला लांबून फोन कोण करतो, आणि नकार मिळाल्यावर एकवीस रुपये कोण पाठवतो? बायको म्हणाली, "तुम्हाला प्रत्येकात खोट दिसते." मी म्हटलं, खोट प्रत्येकात नाही, याच एका ठिकाणी आहे आणि ती मी दाखवतोय. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तर्काने देवाला पाडता येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या संध्याकाळी तिथे बसायला हवं होतं. तर्क जिंकला, सगळ्यांसमोर जिंकला, आणि काहीही झालं नाही. उलट बिघडलं. आधी निदान एक उत्तर होतं. आता दोन होती, त्यामुळे तिसरा कौल लावणं भाग होतं. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या महिन्यातले तीन आठवडे गेले होते.

म्हणून तो तिसरा रविवार. सासूबाई म्हणाल्या, मीही येते. बूथमालकाने त्यांच्यासाठी काचेच्या खोपटात स्टूल ठेवलं. मेहुणा आत त्यांच्या शेजारी उभा राहिला. आम्ही दोघं उघड्या दारात. गावाकडचा माणूस फोनवर ओरडूनच बोलतो, त्यामुळे गुरवाचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

मेहुण्याने प्रश्न घरून तयार करून आणला होता. ऑपरेशन आत्ता करावं की संक्रांतीनंतर? उजवी म्हणजे आत्ता, डावी म्हणजे नंतर. मी मनातल्या मनात हात जोडले. दोन प्रश्नांचा घोळ निस्तरायला त्याने तिसरा असा शोधला होता की त्यात दोन महिने सहज जिरावेत.

गुरव "बरं" म्हणून देवळात गेला. फोन दुकानाच्या फळीवर पडून राहिला. पुढे कितीतरी वेळ आम्ही त्या गावचा किराणा बाजार ऐकला. कुणीतरी पाव किलो शेंगदाणे घेतले. कुणीतरी गुळाच्या भावावरून दुकानदाराशी वाद घातला आणि हरलं. यंत्रावरचे लाल आकडे पळत होते. मी म्हटलं, "ठेव फोन, थोड्या वेळाने पुन्हा लाव. शेंगदाण्यांचे पैसे आपण का भरतोय?"

मेहुणा म्हणाला, "कौल लावलेला असताना फोन तोडायचा नसतो."

"हा नियम कुणी केला?"

"पूर्वापार आहे."

त्या गावात फोन येऊन चार वर्षं झाली होती.

बाहेर रांग वाढत चालली. बूथमालक म्हणाला, "स्वल्प बेग मुगिसी सार, जना काय्ता इद्दारे." माणसं खोळंबलीत, लवकर आटपा. मेहुण्याने त्याला हातानेच थांबवलं, देवळात बोलणाऱ्याला थांबवतात तसं.

शेवटी गुरव आला. "पडत नाही अजून. दोन्ही घट्ट आहेत. थंडी आहे ना इकडं."

"थांबतो," मेहुणा म्हणाला.

तेव्हा सासूबाईंनी हात पुढे केला. चाचपडत त्याचं मनगट शोधलं, मग फोन. "दे इकडं."

"आई, अगं, मी बोलतोय ना..."

"दे म्हणते न्हवं." फोन कानाला लावून त्या म्हणाल्या, "मी बोलते रे."

"कोण, अक्का? नमस्कार अक्का!"

"नमस्कार राहू दे. त्या पाकळ्या काढ. दुसरा कौल लाव. माझा. आतापर्यंत यांनी विचारलं, डोळा माझा आहे. डोळा गेला तर दोष कुणाचा, एवढं विचार. उजवी पडली तर देवीचा. डावी पडली तर माझ्या लेकाचा."

त्या काचेच्या खोपटात मेहुण्याला मागे सरकायला जागा नव्हती. तो दिसायला ताठ उभा होता, पण चष्मा काढून पुसायला लागला. तो आधीच स्वच्छ होता.

"अक्का, असला कौल लावत नाहीत," गुरव म्हणाला.

"का?"

"देवीवर दोष कसा घालायचा?"

"मग डावी पडू दे की. तुझ्याच हातात असतंय."

"लेकावर तरी कसा घालू? बरं दिसतं का ते?"

"उजवा गेला तवा तू सांगितलंस, अंगारा चुकला. म्हणजे दोष माझा. तवापासनं मी तेच धरून बसले. या खेपेला आधी ठरवून घेते. लाव."

मग गुरवाने विचारलं, "अक्का, डॉक्टर काय म्हणतात?"

तीन रविवार, तीन फोन. या प्रकरणात डॉक्टरचं नाव पहिल्यांदा निघालं ते गुरवाच्या तोंडून.

"डॉक्टरीण म्हणते काप."

"मग काप की!" गुरव ओरडला. "मला कशाला विचारत बसलाय?"

"सरी, बरं," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. आकडा एकशे बेचाळीस ऐंशीवर थांबला.

बाहेर आल्यावर मी हसत होतो. त्यांना ते दिसलं नसावं, ऐकू आलं. त्या मान वळवून मला समोर आणत म्हणाल्या, "तुम्हीपण तीन आठवडे हेच केलंत, जावई. ते विचारत बसले, तुम्ही हसत बसलात. हसण्यानं डोळा राहत नाही." हे त्या म्हणाल्या, म्हणून लिहितो. जावयाच्या सहीला त्या घरात किंमत नव्हती हेही खरं आहे; पण ती मी देऊ केली नव्हती, हेही आहे.

मग त्या लेकाला म्हणाल्या, "सही करणार का? का तिलापण पाकळी लावू?"

त्याने दुसऱ्या दिवशी सही केली. मी पाहत होतो. सही करायच्या आधी त्याने तो कागद सगळा वाचला, पाठपोट, तपासणीला आलेल्या नगाकडे बघावं तसा. महिन्यात पहिल्यांदाच.

ऑपरेशन गुरुवारी झालं. नजर वाढली नाही, वाढणारही नव्हती. होती ती राहिली. पट्टी निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली, सासूबाईंनी ती बरोबर सांगितली, आणि मेहुणा बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या वेळी मी त्याला काही बोललो नाही.

नंतर बोललो. कारण आठवड्याभरात त्याने सगळं पुन्हा जुळवून टाकलं. कौल पडला नाही, हाच कौल होता, असं तो म्हणायला लागला. देवीने निर्णय आईवर सोपवला. आणि "काप की" हे गुरव बोललाच नाही, देवी त्याच्या तोंडून बोलली. मी म्हटलं, मग देवी आधीच्या दोन रविवारी कुणाच्या तोंडून बोलत होती? तो म्हणाला, "दाजी, प्रत्येक गोष्टीला वेळ यावी लागते." माझी बायकोही तेच म्हणते. नातेवाइकांत ही गोष्ट देवीचा अनुभव म्हणून सांगितली जाते आणि मी तिच्यात असतो तो फक्त खो घालणारा म्हणून.

माणसाला देवाकडून उत्तर हवं असतं, असं मी पन्नाशीपर्यंत समजत होतो, आणि उत्तर चुकीचं आहे हे दाखवलं की झालं, असंही. उत्तर कुणालाच नको होतं. सही कुणी करायची, एवढाच प्रश्न होता. ज्याच्यावर दोष ठेवला तरी जो उलटून बोलत नाही असा त्या घरात देवीशिवाय कुणी नव्हता. तर्काला इथे काम नसतं, कारण तर्क सही करत नाही. हे आमच्यापैकी एकीलाच कळलं होतं, आणि तिचा विश्वास आमच्या सगळ्यांपेक्षा पक्का होता. तो नंतरही हलला नाही. मिक्सर घ्यायचा की नको हेही त्यांनी पुढल्या वर्षी देवीला विचारलं. फक्त डोळ्याच्या थेंबांच्या वेळा त्या डॉक्टरीणबाईंना विचारत.

नवस मात्र होता. डोळा राहिला तर देवीला चांदीचे डोळे वाहीन असं त्या मनाशी बोलल्या होत्या. इस्पितळाचे सात हजार चारशे मेहुण्याने भरले होते, तेव्हा हा खर्च मी करावा असं ठरलं. मी त्यांना घेऊन चिकपेठेत गेलो. तिथे अशी वाहायची चीज तयार मिळते: हात, पाय, पाळणा, डोळे. सासूबाई सोनाराला म्हणाल्या, "एक दे."

"डोळे जोडीनंच येतात अम्मा."

"माझा एकच राहिलाय."

सोनाराने माझ्याकडे बघितलं. मी जोडीचे शहाण्णव रुपये दिले. सासूबाईंनी त्यातला एक गावी पाठवला. दुसरा पुडीत बांधून मला दिला आणि म्हणाल्या, "हा परत करा. त्याचं काम तिनं केलं नाही." माझ्या बायकोने कानांवर हात ठेवले. मेहुणा म्हणाला, आई, देवीशी असा हिशेब करतात का? सासूबाई म्हणाल्या, "तिनं केला तर मी का नको?"

मी परत केला. सोनाराने घडणावळ कापून चांदीचे एकतीस रुपये हातावर ठेवले. ते मी सासूबाईंना नेऊन दिले.

आता गुरवाचं देणं राहिलं. पहिल्या दोन कौलांचे बेचाळीस रुपये मेहुण्याने आणि माझ्या बायकोने आपापले पाठवले होते. तिसऱ्याचे मेहुणा पाठवणार होता, तर सासूबाईंनी हटकलं. पाकळी पडली नाही, त्याचे पैसे नाहीत. मग त्यांनी ते चांदीचे एकतीस रुपये माझ्यापुढे केले आणि हे गुरवाला मनिऑर्डर करा म्हणाल्या. मी विचारलं, कशाचे? त्या म्हणाल्या, "काप म्हणाला, त्याचे. तेवढं एक त्यानं पाकळीला न विचारता सांगितलं."

एकतीस रुपये गुरवाला गेले. कमिशन दीड रुपया, ते पोस्टात मी भरलं.